नाव आपलं, वस्तू तीच: रस्टमधलं ‘अ‍ॅज’ आणि ग्रेस हॉपरबाईंची गोष्ट



फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट एकदा उघडून बघा. ‘दूधवाले काका’, ‘संदीप जिम’, ‘संदीप ऑफिस’, ‘आत्या पुणे’. यातल्या एकाच्याही आधार कार्डावर हे नाव सापडणार नाही. नाव तुम्ही ठेवलंय, तुमच्या सोयीनं, फक्त तुमच्या फोनपुरतं. कॉल लावला की फोन नंबरच डायल करतो. आपण कोणाच्या फोनमध्ये ‘संदीप जिम’ आहोत, हे त्या बिचाऱ्या संदीपला माहीतही नसतं.

प्रोग्रामिंगमध्ये या प्रकाराला एलियस म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी जुना शब्द आहे, ‘उर्फ’. रस्ट ही आजची गाजलेली सिस्टिम्स प्रोग्रामिंगची भाषा आहे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमसारखी अगदी तळातली कामं करणारी. अँड्रॉइडच्या काही भागांतही ती वापरतात. रस्टमध्ये बाहेरच्या लायब्ररीतून एखादा टाइप आपल्या फाइलमध्ये आणायचा असेल तर ‘यूज’ लिहितात. आणलेल्या टाइपला आपलं नाव द्यायचं असेल तर शेवटी ‘अ‍ॅज’ आणि ते नाव. बस्स, एवढंच. दोन अक्षरांचा इंग्रजी शब्द.

पण हा शब्द शिकवताना मला दरवेळी एक बाई आठवतात. कॉम्प्युटरला माणसानं दिलेलं नाव समजलं पाहिजे, ही गोष्ट आज आपण गृहीत धरतो. एके काळी ती सांगणाऱ्या माणसाला लोक वेड्यात काढत होते. तो माणूस म्हणजे ग्रेस हॉपर. आज त्यांचं आयुष्य सांगतो आणि जाता जाता ‘अ‍ॅज’चे नियमही समजून घेऊ.

सात घड्याळं आणि एक नापास पेपर

९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये एक मुलगी जन्माला आली. नाव ग्रेस ब्रूस्टर मरे. तीन भावंडांत थोरली. लहानपणचा तिचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. गजराचं घड्याळ चालतं कसं हे बघायला तिनं एक घड्याळ उघडलं. परत जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं. आईला कळेपर्यंत घरातली सात घड्याळं सुटी झाली होती. आईनं ओरडाआरडा केला नाही, एकच घड्याळ तिच्या हवाली केलं. यापुढे जे काय करायचं ते याच्यावर कर!

अभ्यासात हुशार, पण लॅटिनच्या परीक्षेत गडबड झाली आणि व्हॅसार कॉलेजचा प्रवेश एक वर्ष लांबला. पुढच्या वर्षी ती आत गेली, १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवी मिळवली आणि थेट येल विद्यापीठ गाठलं. १९३४ मध्ये गणितात पीएचडी. त्या काळात अमेरिकेतही गणितात डॉक्टरेट मिळवणाऱ्या बायका फार थोड्या होत्या.

१९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं आणि ‘मरे’ची ‘हॉपर’ झाली. १९४५ मध्ये घटस्फोट झाला, पण आडनाव त्यांनी तसंच ठेवलं. पुढे सगळ्या जगानं त्यांना याच नावानं ओळखलं. आपणही आता त्यांना हॉपरबाईच म्हणू.

एकच मशीन, दोन नावं

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हॉपरबाई व्हॅसारमध्ये गणित शिकवत होत्या. नोकरी पक्की, आयुष्य सुरळीत. तरी त्यांनी नौदलात जायचं ठरवलं. नौदलाच्या हिशोबानं वय जास्त होतं आणि वजन सुमारे सात किलो कमी होतं. त्यांनी खास सवलत मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या राखीव दलात भरती झाल्या. प्रशिक्षणात पहिला नंबर काढला. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात झाली, हॉवर्ड आयकेन यांच्या हाताखाली.

तिथे एक अजस्र यंत्र होतं. लांबी सुमारे १५ मीटर, वजन पाच टनांच्या आसपास, आणि वेग? एका सेकंदात तीन बेरजा. आज तुमच्या हातातला फोन एका सेकंदात अब्जावधी क्रिया करतो. पण तेव्हाच्या मानानं हे चमत्कारासारखंच होतं.

गंमत बघा, या यंत्राला नावं दोन होती. ते बनवणारी आयबीएम त्याला ‘ऑटोमॅटिक सीक्वेन्स कंट्रोल्ड कॅल्क्युलेटर’ म्हणायची. हार्वर्डवाले त्याला ‘मार्क वन’ म्हणायचे. यंत्र एकच, खटखट आवाजही तोच. नाव कोणतं, हे कोण बोलतंय त्यावर ठरायचं. ‘अ‍ॅज’चा पहिला नियम हाच आहे. उर्फ नाव दिल्यानं नवी वस्तू तयार होत नाही.

मार्क वनचं माहितीपुस्तक हॉपरबाईंनी लिहिलं. १९४६ मध्ये ते छापून आलं, पाचशेहून जास्त पानांचं. कॉम्प्युटर कसा चालवायचा हे सांगणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक.

तुम्ही ‘बग’ची गोष्ट ऐकली असेल. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्याच मार्क टू यंत्राच्या रिलेत एक पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. हॉपरबाई ही गोष्ट रंगवून सांगायच्या, म्हणून ‘बग’ हा शब्द त्यांनीच शोधला असा समज पसरला. तसं नाही. यंत्रातल्या बिघाडाला इंजिनियर आधीपासूनच बग म्हणत होते, म्हणून तर खराखुरा किडा सापडल्याचं सगळ्यांना हसू आलं.

वहीतून वहीत

आपल्या विषयासाठी पतंगापेक्षा महत्त्वाची आहे हार्वर्डच्या प्रोग्रामरांची वही.

समजा साइन काढायचं गणित एकदा लिहून, तपासून झालं. पुढच्या वेळी परत कशाला लिहायचं? म्हणून प्रत्येकजण असे तुकडे वहीत उतरवून ठेवायचा. दुसऱ्याला लागला की तो वही मागायचा आणि हातानं नकल करायचा. आज आपण लायब्ररी इम्पोर्ट करतो, तेच हे काम, फक्त पेन्सिलनं.

यात दोन भानगडी व्हायच्या. पहिली, नकल करताना अक्षरं चुकायची. ‘बी’ हे अक्षर घाईत १३ सारखं दिसायचं. दुसरी भानगड मोठी. प्रत्येक तुकड्यात पत्ते लिहिलेले असत, म्हणजे अमुक आकडा अमुक नंबरच्या जागेतून उचल. तुकडा नव्या प्रोग्राममध्ये वेगळ्या ठिकाणी बसवला की सगळे पत्ते बदलायला लागायचे. प्रत्येक पत्त्यात ठरावीक आकडा मिळवायचा, तोही हातानं. आणि माणूस बेरजेत चुकतो.

हॉपरबाईंचा निष्कर्ष सरळ होता. प्रोग्रामरला बेरीज धड येत नाही आणि नकलही धड येत नाही. या दोन्ही गोष्टी मशीनला उत्तम येतात. मग हे काम माणूस का करतोय?

वाईट दिवस आणि फिलाडेल्फिया

युद्ध संपलं. हार्वर्डमध्ये त्यांच्यासाठी कायमची जागा निघाली नाही. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाला एका लहान कंपनीत गेल्या, एकर्ट-मॉकली कॉम्प्युटर कॉर्पोरेशन. युनिव्हॅक नावाचा कॉम्प्युटर तिथे तयार होत होता.

हे दिवस सोपे नव्हते. संसार मोडलेला, युद्धातली दोस्तमंडळी पांगलेली. त्या काळात त्या दारूच्या फार आहारी गेल्या होत्या, हे त्यांच्या चरित्रकारानं लिहिलंय. थोर माणसांच्या गोष्टींतून हा भाग सहसा गाळतात. मला तो सांगावासा वाटतो, कारण पुढचं मोठं काम त्यांनी याच दिवसांतून उठून केलंय, वयाच्या पंचेचाळिशीत.

कामाचाही एक त्रास होता. त्या कंपनीच्या पहिल्या मशीनवर प्रोग्राम अष्टमान पद्धतीत लिहायचे, म्हणजे आकडे फक्त ० ते ७. त्यात डोकं इतकं मुरलं की घरचा बँकेचा हिशोब जुळेना. शेवटी लक्षात आलं की चेकबुकातली काही वजाबाकीही त्या अष्टमानातच करत होत्या! हा किस्सा त्या हसत सांगायच्या, पण त्यातला मुद्दा गंभीर आहे. मशीनची भाषा बोलता बोलता माणूसच मशीनसारखा विचार करायला लागतो. वाकायचं कोणी? माणसानं की मशीननं?

नंबर सांगा, तुकडा आणतो

१९५१-५२ मध्ये हॉपरबाईंनी ‘ए-झिरो’ तयार केला. तपासलेले तुकडे एका चुंबकीय टेपवर ठेवले. प्रत्येक तुकड्याला एक हाकेचा नंबर दिला, लायब्ररीत पुस्तकाला असतो तसा. प्रोग्रामरनं फक्त नंबर क्रमानं लिहायचे. कॉम्प्युटर टेपवरून तो तो तुकडा शोधणार, उतरवून घेणार, पत्ते स्वतः बदलणार आणि अख्खा प्रोग्राम जोडून देणार. तुकडे गोळा करून संकलन करतो, म्हणून त्याला त्यांनी ‘कंपायलर’ म्हटलं. आजच्या कंपायलरपेक्षा हे काम वेगळं आहे, त्यातलं बरंचसं आज लिंकर करतो. पण शब्द तिथून रूढ झाला.

लोकांना हे पटेना. कॉम्प्युटर फक्त गणित करतो, तो प्रोग्राम कसा लिहिणार, असं त्यांना सांगितलं गेलं. हातात चालणारं उदाहरण असूनही बराच काळ कोणी त्याला हात लावत नव्हतं.

ही गोष्ट आजच्या रस्टशी जोडून बघा. ‘यूज’ लिहिलं की आपण हाक मारतो: अमुक लायब्ररीतला अमुक टाइप मला लागणार आहे. नेमका तो कुठे आहे, त्याचा पत्ता काय, हे कंपायलर आणि लिंकर बघतात. आपण नाव घेतो, धावपळ मशीन करतं.

फ्रेंच आणि जर्मन बोलणारा प्रोग्राम

नंबरच्या हाकेवर हॉपरबाई थांबल्या नाहीत. ऑफिसात हिशोब बघणाऱ्या माणसाला गणिती चिन्हं नकोशी वाटतात, त्याला शब्द कळतात, हे त्यांनी पाहिलं होतं. मग प्रोग्राम शब्दांतच का लिहू नये? १९५३ पासून त्या ही कल्पना वरिष्ठांसमोर मांडत होत्या. उत्तर ठरलेलं: कॉम्प्युटरला इंग्रजी कळत नाही.

म्हणून त्यांनी आणि त्यांच्या टीमनं छोटा नमुना करून दाखवला. इंग्रजी शब्दांत लिहिलेला प्रोग्राम मशीननं चालवला. मग त्यांना वाटलं, आता जरा पुढचं दाखवू. त्याच प्रोग्राममधले इंग्रजी शब्द काढून फ्रेंच शब्द घातले. चालला! मग जर्मन शब्द घातले. तोही चालला!

त्यांच्या दृष्टीनं हे अगदी सरळ होतं. मशीनला इंग्रजीही कळत नाही आणि फ्रेंचही नाही. प्रत्येक शब्द तिच्यासाठी एक खूण आहे, त्या खुणेला ठरलेलं काम जोडलेलं आहे. खूण बदलली तरी काम तेच.

वरिष्ठ मात्र हादरले. अमेरिकेत बनलेला कॉम्प्युटर फ्रेंच आणि जर्मन कसा काय समजू शकतो? बाई पुढे भाषणांमधून हा किस्सा सांगायच्या. शेवटी आपण फक्त इंग्रजीच वापरू असं सांगून मंडळींना शांत करावं लागलं.

मला विचाराल तर ‘अ‍ॅज’चा सगळा अर्थ या एका प्रसंगात आहे. नाव हे वाचणाऱ्या माणसासाठी असतं. मशीनला त्याच्याशी देणंघेणं नाही. म्हणूनच नाव निवडताना वाचणाऱ्याचा विचार करायचा.

त्या नमुन्यातून ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा तयार झाली. १९५९ मध्ये मे महिन्याच्या शेवटी पेंटॅगॉनमध्ये सरकार आणि कॉम्प्युटर कंपन्यांची माणसं जमली आणि सगळ्या मशीनवर चालेल अशी धंद्याची एक भाषा करायचं ठरलं. ती म्हणजे कोबोल. कोबोल अनेकांनी मिळून घडवली. हॉपरबाई सल्लागार होत्या आणि फ्लो-मॅटिक हा तिचा मोठा आधार होता. डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ तोच कोबोल प्रोग्राम दोन वेगळ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवला गेला. तोवर प्रत्येक मशीनची बोली वेगळी असायची.

कोबोलमध्ये नाव ३० अक्षरांपर्यंत लांब ठेवता येत होतं, म्हणजे ‘एक्स’ आणि ‘वाय’ऐवजी अर्थ कळेल असं नाव देता येत होतं. शिवाय तिच्यात ‘रिनेम्स’ नावाची सोय आहे, आधीच्या माहितीला दुसरं नाव देणारी. आणि ‘कॉपी’सोबत ‘रिप्लेसिंग’ लिहिलं की लायब्ररीतला मजकूर आत घेताना त्यातले शब्द बदलता येतात. रस्टचं ‘अ‍ॅज’ यापेक्षा बरंच काटेकोर आहे, पण गरज तीच: बाहेरून आणलेली वस्तू आपल्या घरात आपल्या नावानं राहावी.

आता रस्टमध्ये बघू

कालावधी मोजायला रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीत ‘ड्युरेशन’ नावाचा टाइप आहे. तारीख-वेळेसाठी ‘क्रोनो’ नावाची लोकप्रिय लायब्ररी आहे, तिच्यातही ‘ड्युरेशन’ आहे. नाव एक, वस्तू दोन. स्टँडर्डवाला उणे होऊ शकत नाही, क्रोनोवाला होऊ शकतो. दोन्ही एकाच फाइलमध्ये तसेच आणले तर कंपायलर अडतो आणि ई०२५२ नंबरची चूक दाखवतो: एकाच नावाच्या दोन गोष्टी आणल्या आहेत, एकीचं नाव बदला.

बदलायचं कसं? ओळ बोलून दाखवतो: ‘यूज, एसटीडी, टाइम, ड्युरेशन, अ‍ॅज, एसटीडीड्युरेशन’. झालं! आता या फाइलमध्ये स्टँडर्डवाला ‘एसटीडीड्युरेशन’ आणि क्रोनोवाला नुसता ‘ड्युरेशन’. संदीप जिम आणि संदीप ऑफिस.

आता चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक. हे नाव तुम्ही जिथे ‘यूज’ लिहिलं त्या मॉड्यूलपुरतंच असतं. लायब्ररीत काहीही बदलत नाही. बाहेरच्यांनाही ते नाव दिसावं असं वाटत असेल तर आधी ‘पब’ लिहावं लागतं.

दोन. प्रोग्रामचा वेग कमी होत नाही. उर्फ नावाचं काम कंपाइल होतानाच संपतं, चालताना त्याचा भार नसतो.

तीन. उर्फ तुमचं रक्षण करत नाही. हा मुद्दा नीट समजून घ्या. रस्टमध्ये ‘टाइप’ हा शब्द वापरूनही उर्फ देता येतं. समजा एका पूर्णांकाच्या टाइपला तुम्ही ‘रुपये’ हे उर्फ दिलं आणि त्याच टाइपला ‘पैसे’ हेही दिलं. मग चुकून रुपयांत पैसे मिळवले. कंपायलर गप्प बसेल, कारण त्याच्या लेखी दोन्ही एकच आहेत. पेमेंटच्या अ‍ॅपमध्ये ही चूक केवढ्याला पडेल विचार करा. इथे उर्फ नको, ‘स्ट्रक्ट’ वापरून दोन खरोखर वेगळे टाइप करा. मग कंपायलर लगेच हात धरतो.

चार. उर्फ नाव जुन्या लोकांची सोयही बघतं. क्रोनोनं आपल्या ‘ड्युरेशन’चं खरं नाव नंतर ‘टाइमडेल्टा’ केलं आणि ‘ड्युरेशन’ हे उर्फ म्हणून ठेवलं. त्यामुळे जुना कोड मोडला नाही.

आणि एक खास आपल्यासाठी. जून २०२१ मध्ये आलेल्या १.५३ आवृत्तीपासून रस्टमध्ये नावं देवनागरीतही ठेवता येतात. ‘हॅशमॅप’ आणून ‘अ‍ॅज’पुढे ‘शब्दकोश’ लिहिलं तर कंपायलर मुकाट्यानं घेतो. ‘यूज’, ‘अ‍ॅज’ असे भाषेचे स्वतःचे शब्द बदलत नाहीत, बाकी नावं तुमची. जगभरातल्या टीमसोबत काम करताना इंग्रजी नावंच ठेवावीत, नाहीतर इतरांना वाचता येणार नाही. पण शिकताना, मित्राला समजावताना मराठी नावं जरूर वापरून बघा. हॉपरबाईंच्या वरिष्ठांना जे अशक्य वाटलं होतं, ते आज तुम्ही दोन ओळींत करू शकता.

निवृत्ती, पुन्हा हजर

१९६६ च्या शेवटी नौदलानं वयामुळे हॉपरबाईंना निवृत्त केलं. काही महिन्यांतच नौदलाला त्यांची गरज भासली. त्यांच्या वेगवेगळ्या कॉम्प्युटरांवर वेगवेगळी कोबोल चालत होती, तिला शिस्त लावायची होती. ऑगस्ट १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी म्हणून बोलावलं आणि बाई जवळपास १९ वर्षं राहिल्या. कंपायलर ठरलेल्या नियमांप्रमाणे वागतो का, हे तपासणाऱ्या चाचण्या त्यांच्या देखरेखीखाली झाल्या. कोणाच्याही मशीनवर एकाच शब्दाचा एकच अर्थ निघाला पाहिजे, हा आग्रह. उर्फ नावं खुशाल हवी तितकी ठेवा, पण खरं नाव एकाच वस्तूकडे बोट दाखवणारं हवं.

भाषणांना जाताना त्या तारेचे तुकडे घेऊन जायच्या. प्रत्येक तुकडा सुमारे ३० सेंटिमीटरचा. प्रकाश एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त एवढाच जातो. नॅनोसेकंद म्हणजे काय हे शब्दांत कळत नाही ना, मग हा घ्या हातात! अवघड गोष्टीला माणसाच्या हातात मावेल असं रूप द्यायचं, हे त्या आयुष्यभर करत आल्या.

१९८३ च्या अखेरीस त्यांना ‘कमोडोर’ हा हुद्दा मिळाला. १९८५ मध्ये नौदलानं त्या हुद्द्याचं नाव बदलून ‘रिअर अ‍ॅडमिरल, लोअर हाफ’ केलं. काम तेच, खांद्यावरचा तारा तोच, नाव नवं. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनमध्ये ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जुन्या युद्धनौकेवर त्यांचा निरोप समारंभ झाला. वय ७९. लगेच त्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये सल्लागार म्हणून रुजू झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत लष्करी मानानं त्यांना निरोप दिला गेला.

मागे राहिलेलं नाव

त्यांचं नाव आज बऱ्याच ठिकाणी आहे. अमेरिकन नौदलाची एक विनाशिका ‘हॉपर’ आहे. एआयसाठी लागणाऱ्या चिप्स बनवणाऱ्या एनव्हिडियानं आपल्या एका जीपीयूच्या रचनेला ‘हॉपर’ आणि एका प्रोसेसरला ‘ग्रेस’ नाव दिलं. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मिळालं.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती येलची गोष्ट. तिथल्या एका निवासी कॉलेजला जॉन कॅल्हून यांचं नाव होतं. ते अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते आणि गुलामगिरीचे कट्टर समर्थक होते. अनेक वर्षं विद्यार्थी हे नाव बदला म्हणून मागणी करत होते. २०१७ मध्ये येलनं ते बदलून ‘ग्रेस हॉपर कॉलेज’ केलं. भिंती त्याच, खोल्या त्याच. मशीनच्या दृष्टीनं यात काहीच बदललं नसतं. पण रोज त्या दारातून आत जाणाऱ्या मुलांसाठी बरंच बदललं. नाव माणसासाठी असतं, ते असं.

आता तुमची पाळी. कॉम्प्युटर नसला तरी चालेल. फोनच्या ब्राउझरमध्ये ‘रस्ट प्लेग्राउंड’ शोधून उघडा. स्टँडर्ड लायब्ररीच्या ‘एफएमटी’मध्ये ‘एरर’ नावाचा टाइप आहे आणि ‘आयओ’मध्येही ‘एरर’ आहे. दोन्ही ‘यूज’नं आणा आणि रन दाबा. ई०२५२ दिसेल. मग एकाच्या पुढे ‘अ‍ॅज’ लिहून नवं नाव द्या. नाव असं निवडा की सहा महिन्यांनी तुमचा कोड उघडणाऱ्या दुसऱ्या कोणाला तुम्हाला फोन करून विचारावं लागणार नाही.